सीसी तेवढीच, ताकद दुप्पट: टर्बोविना इंजिनातून जास्त हॉर्सपॉवर निघते तरी कुठून?

२२ सप्टेंबर २०२५ला दुचाकींच्या जीएसटीत एक रेघ ओढली गेली. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के, त्यापुढच्या गाड्यांवर थेट ४० टक्के. तेव्हापासून बाइकवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सीसी वाढवायची नाही, टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणाऱ्या पंपाच्या, भानगडीत पडायचं नाही, तर मग आहे त्याच इंजिनातून जास्त ताकद काढता येते का? येत असेल तर किती, आणि तिची किंमत कोण मोजतं, खिसा की इंजिन?

प्रश्न रास्त आहे, पण त्याला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवरची असतात. एक सायलेन्सर, एक फिल्टर, सीटखाली बसणारी, पेट्रोलचं प्रमाण बदलणारी एक छोटी डबी, आणि 'दहा हॉर्सपॉवर वाढेल' असा शब्द. पैसे टाकण्याआधी इंजिनात नेमकं काय घडतं ते समजून घेतलं, तर त्या शब्दाचं वजन आपलं आपल्याला करता येतं.

## जवळपास सारख्या सीसीच्या दोन गाड्या

रस्त्यावर रोज दिसणारी दोन इंजिनं घेऊ. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे आणि ते ६,१०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,१०० फेऱ्यांना, २०.२ हॉर्सपॉवर देतं. केटीएम आरसी ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं, आणि ते ९,००० आरपीएमला ४३.५ हॉर्सपॉवर देतं. दोन्ही एकाच सिलिंडरची, दोन्हींत टर्बो नाही, दोन्ही एकाच पंपावर पेट्रोल भरतात. सीसीतला फरक जेमतेम ७ टक्के, पण ताकद दुपटीहून जास्त.

ही वाढीव ताकद कुठून आली, याचा हिशेब मांडता येतो. त्यासाठी दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. हॉर्सपॉवर म्हणजे तो पीळ दर मिनिटाला किती वेळा दिला जातो याचा एकूण हिशेब. सूत्र सरळ आहे: न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि साधारण ७,०२४ ने भागायचं. क्लासिक तिचा सर्वांत जास्त म्हणजे २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमला देते. तिथे तिची पॉवर झाली १५ च्या आसपास. आरसी ३७ न्यूटन-मीटर ७,००० ला देते. तिथेच तिची पॉवर ३७ च्या जवळ पोहोचलेली असते.

आता दोघींच्या कमाल पॉवरचे आकडे या सूत्रात उलटे घातले, तर दुपटीचा हिशेब असा सुटतो. सीसीमुळे ७ टक्के. दर सीसीमागे मिळणाऱ्या पिळामुळे सुमारे ३६ टक्के. आणि जास्त फेऱ्यांमुळे सुमारे ४७ टक्के. हे तीन गुणाकार एकत्र केले की २०.२ चे ४३.५ होतात. टर्बोविना ताकद वाढवण्याचे सगळे उपाय यांपैकी शेवटच्या दोन खात्यांत येतात: एक तर प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर जास्त चांगला भरा आणि जाळा, नाही तर मिनिटाला जास्त फेरे मारा.

## खरी मारामारी हवेसाठी

पेट्रोल वाढवणं सोपं असतं, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा मिश्रण थोडं घट्ट, म्हणजे १३ ला १ च्या आसपास ठेवतात. त्याहून जास्त पेट्रोल ओतलं तर ते न जळता धूर होऊन जातं.

३७३ सीसीचं इंजिन ९,००० आरपीएमला मिनिटाला ४,५०० वेळा श्वास घेतं, कारण फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदाच हवा आत येते. म्हणजे मिनिटाला जवळपास १,७०० लिटर हवा. वजनात साधारण दोन किलो. तिच्याबरोबर जाळता येतं सुमारे दीडशे ग्रॅम पेट्रोल. त्या पेट्रोलच्या उष्णतेचा तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग दांड्यापर्यंत पोहोचतो, बाकीचा सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जातो. तीस टक्क्यांचा तो हिस्सा हॉर्सपॉवरमध्ये मोजला की ४३-४४ येतो.

टर्बो हीच हवा पंपाने दाबून आत कोंबतो. बाइकवर हा प्रयोग झालेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चारही जपानी कंपन्यांनी टर्बो बाइक काढल्या आणि थोड्याच वर्षांत बंद केल्या. मूठ पिळल्यावर क्षणभर काहीच होत नसे आणि मग ताकद एकदम अंगावर येत असे. दोन चाकांवर, वळणात झुकलेलं असताना, हा स्वभाव धोक्याचाच. शिवाय वजन, उष्णता आणि खर्च वाढला तो वेगळा. म्हणून स्पोर्ट बाइकच्या इंजिनिअरांनी पंपाविना हवा जास्त कशी घ्यायची, यावरच सगळी बुद्धी खर्च केली.

## दादर स्टेशन आणि इनटेक व्हॉल्व्ह

संध्याकाळी सहाला दादरच्या फलाटावर लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरले पाहिजेत आणि चढणारे चढले पाहिजेत. डबा केवढा मोठा आहे यापेक्षा, त्या अर्ध्या मिनिटात दारातून किती माणसं आत जातात, यावर गर्दी ठरते. सिलिंडर म्हणजे तो डबा, व्हॉल्व्ह म्हणजे दार. ९,००० आरपीएमला इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारं दार, उघडा राहतो सेकंदाचे साधारण पाच हजारांश. एवढ्या वेळात हवेने आत शिरायचं.

पहिला उपाय उघड आहे: दारं मोठी करा, जास्त करा. क्लासिकच्या इंजिनात एकूण दोन व्हॉल्व्ह आहेत, आरसीमध्ये चार. दारं मोठी करायला भिंतही मोठी लागते. क्लासिकचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर आहे. आरसीचा ८९. वर्तुळाचं क्षेत्रफळ दीडपट झालं, म्हणून मोठे व्हॉल्व्ह बसले. बोअर रुंद केल्यावर सीसी आटोक्यात ठेवायला स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ८५.८ वरून ६० मिलिमीटरवर आणला. याचा आणखी एक मोठा फायदा आहे, तो पुढे येईल.

दुसरा उपाय म्हणजे दार किती वेळ उघडं ठेवायचं. हे ठरवतो कॅम, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा अंड्याच्या आकाराचा फिरता भाग. लोकल हलली तरी मागचा लोंढा रेटत राहतो आणि शेवटचे पाचसहा जण चालत्या गाडीत आत ढकलले जातात. हवेलाही वजन आहे, वेग आहे. पिस्टन वर चढायला लागला तरी नळीतून वेगाने येणारी हवा आपल्या रेट्याने आत घुसत राहते. म्हणून कॅमचा आकार असा ठेवतात की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यानंतरही काही काळ उघडा राहतो. त्याचप्रमाणे जळालेला वायू सायलेन्सरच्या नळीतून जोरात बाहेर पडताना मागे पोकळी सोडतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतील, तर ती पोकळी ताज्या हवेला आत ओढते. उतरणारा लोंढा गेला की चढणारा आपोआप त्या जागेत ओढला जातो, तसं.

या दोन रेट्यांची वेळ अचूक जुळली, तर सिलिंडरमध्ये त्याच्या आकारमानापेक्षा जास्त हवा भरते, तीही टर्बोविना. शर्यतीच्या इंजिनांमध्ये हे खरोखर घडतं.

पण याची किंमत लगेच चुकवावी लागते. फलाटावर गर्दीच नसेल आणि दार मात्र उशिरापर्यंत उघडं असेल, तर आत आलेला माणूसही हेलकाव्याने बाहेर पडेल. ३,००० आरपीएमला हवेला रेटा नसतो. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी वाटते, आयडलिंगला धडधडते. 'रेस कॅम' लावलेली बाइक सिग्नलवरून निघताना का अडखळते, त्याचं कारण हे.

यामाहा आर१५ ने यावर काढलेली तोड मला फार आवडते. तिच्या १५५ सीसीच्या इंजिनात इनटेकसाठी दोन कॅम आकार आहेत. ७,४०० आरपीएमखाली सौम्य आकार चालतो, त्यावर गेलं की दुसरा, आक्रमक आकार कामाला लागतो. म्हणून एवढंसं इंजिन १०,००० आरपीएमला १८.४ हॉर्सपॉवर देऊनही गावातल्या रस्त्यावर चालवता येतं.

हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यातल्या, नळ्या घासून त्यांची वळणं सुधारणं, म्हणजे पोर्टिंग, हे त्याच कुटुंबातलं काम. 'नळी मोठी केली की ताकद वाढली' हा समज मात्र खोटा आहे. नळी रुंद झाली की हवेचा वेग घटतो, आणि वेग घटला की रेटाही गेला. चांगला कारागीर धातू फार कमी काढतो, व्हॉल्व्हच्या सीटजवळच्या शेवटच्या सेंटिमीटरवर मेहनत घेतो, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रवाह मोजतो. मोजमापाचं यंत्र नसलेल्या गॅरेजात हेड घासायला देऊ नये. काढलेला धातू परत लावता येत नाही.

## जास्त फेरे मारायचे, पण पिस्टनला विचारून

आता आखूड स्ट्रोकचा फायदा. ६,१०० आरपीएमला क्लासिकचा पिस्टन सरासरी सेकंदाला १७.४ मीटर वेगाने धावतो. आरसीचा पिस्टन ९,००० ला धावतो १८ मीटरने. म्हणजे फेरे दीडपट झाले, पण पिस्टनचा वेग जवळपास तोच राहिला. आर१५ मध्ये तो १९.६ आहे. कावासाकी झेडएक्स-१०आर सारख्या लिटरच्या, म्हणजे १,००० सीसीच्या, सुपरबाइकमध्ये, स्ट्रोक ५५ मिलिमीटर आणि १३,२०० आरपीएम, तो २४ च्या पुढे जातो. रस्त्यावरच्या बाइकसाठी ही जवळपास वरची हद्द समजायला हरकत नाही.

प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. ९,००० आरपीएमला ६० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये माथ्यावरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त असतो. पिस्टन दोनशे ग्रॅमचा धरला, तर पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला सहाशे किलोंहून जास्त ओढ बसते, सेकंदाला दीडशे वेळा. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचा तक्ता, बदलून (रीमॅप करून) लिमिटर, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ९,००० वरून ९,९०० वर नेला, तर फेरे १० टक्क्यांनी वाढले पण ओढ २१ टक्क्यांनी. शिवाय व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा एका मर्यादेनंतर कॅमच्या मागे धावू शकत नाहीत. व्हॉल्व्ह हवेत तरंगतो आणि पिस्टनशी टक्कर होऊ शकते. लिमिटर वाढवण्याआधी स्प्रिंगा, रॉडचे बोल्ट, फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेला मजबूत पिस्टन हा सगळा खर्च आधी येतो, तो याच्यासाठी.

कंपन्यांनी शोधलेला उत्तम मार्ग म्हणजे इंजिनाचे तुकडे करणं. तेवढीच सीसी चार सिलिंडरांत वाटली, की प्रत्येक पिस्टन हलका, स्ट्रोक आखूड, व्हॉल्व्हचं एकूण क्षेत्रफळ जास्त. कावासाकीच्या झेडएक्स-२५आर मध्ये २५० सीसी चार सिलिंडरांत वाटलेली आहे. ते इंजिन १५,००० च्याही वर फिरतं आणि ५० च्या आसपास हॉर्सपॉवर देतं. एका सिलिंडरच्या चांगल्या २५० सीसी इंजिनातून तीसच्या घरात मिळते. हा बदल अर्थातच गॅरेजात होण्यासारखा नाही.

## कॉम्प्रेशन, नॉकिंग आणि १०० ऑक्टेनचं पेट्रोल

पिस्टन माथ्यावर जाईपर्यंत मिश्रण किती पट दाबलं जातं, ते कॉम्प्रेशन रेशो. क्लासिकमध्ये तो ९.५, आरसीमध्ये साडेबाराच्या आसपास. जास्त दाबून जाळलं की त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. कागदावरच्या हिशेबाने ९.५ वरून १२.५ वर गेल्यास सुमारे ७ टक्के. हाच एक उपाय असा की ज्यात ताकदीबरोबर मायलेजही सुधारतं.

अडचण नॉकिंगची. फार दाबलेलं, तापलेलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यात स्वतःच भडकतं आणि इंजिनातून टणटण असा आवाज येतो. पिस्टनला भोक पडण्यापर्यंत हे जाऊ शकतं. ऑक्टेन आकडा म्हणजे पेट्रोल या भडक्याला किती विरोध करतं त्याचं माप.

यातून काउंटरवरच्या एका समजाचं उत्तर मिळतं. १०० ऑक्टेनचं पेट्रोल जास्त 'ताकदीचं' नसतं, त्याच्यात जास्त ऊर्जा भरलेली नसते. ते जास्त कॉम्प्रेशन किंवा लवकरची ठिणगी सहन करतं, एवढंच. तुमचं इंजिन ९१ ऑक्टेनवर नॉक करत नसेल आणि त्याचा मॅप बदललेला नसेल, तर महागडं पेट्रोल भरून आरपीएमचा काटा तसूभर हलणार नाही.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही हाच गोंधळ आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरं, पण लिटरमागे ऊर्जा कमी होते. शुद्ध इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. इथेनॉल जळायला हवाही कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेत इंजेक्टरने इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. मॅप त्यासाठी बनवलेला असेल तर ताकदीत फारसा फरक पडत नाही, मायलेज मात्र घटतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मॅपच नसतो. तिचं मिश्रण पातळ होऊन ती तापते, तिथे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलून घेणं शहाणपणाचं.

## 'पण सायलेन्सर बदलल्यावर पिकअप जाणवतो!'

जाणवतो. मी ते नाकारणार नाही. त्याची तीन कारणं आहेत. कंपनीचा सायलेन्सर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह काही किलोंचा असतो, त्या जागी हलका आला की वजन उतरतं. वरच्या आरपीएमला वायू मोकळा सुटतो, तिथे थोडी ताकद खरोखर वाढते. आणि आवाज मोठा झाला की शरीराला वेग जास्त वाटतो. या तिसऱ्या कारणाचा वाटा लोक मानतात त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

फक्त सायलेन्सरचा मागचा डबा बदलून मिळणारी वाढ एका सिलिंडरच्या इंजिनात बहुधा एखाद्या हॉर्सपॉवरच्या आतबाहेर असते. डोक्यापासून पूर्ण नळी बदलली, मोकळा फिल्टर घातला आणि त्याला जुळणारा मॅप केला, तर काही टक्के मिळतात. मॅप न बदलता नुसते पार्ट बदलणं सर्वांत वाईट. पूर्ण थ्रॉटलला इंजिन जास्त हवा घेतं, पण कॉम्प्युटर जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो. मिश्रण पातळ होतं, डोकं तापतं आणि नॉकिंग सुरू होतं. निम्म्या थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो, म्हणून चालवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. नुकसान होतं ते घाटात, मूठ पूर्ण पिळल्यावर.

## कंपनीने मुद्दाम ताकद दाबून ठेवली आहे का?

काही गाड्यांत, हो. युरोपात ए२ लायसन्सची मर्यादा ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर आहे. नवशिक्यांच्या ए१ लायसन्सची मर्यादा ११ किलोवॉट, म्हणजे १५ हॉर्सपॉवर. जगभर विकायच्या गाड्या या चौकटी पाहूनच आखल्या जातात. बीएस६ चे प्रदूषणाचे नियम, आवाजाची मर्यादा आणि वॉरंटी यांसाठीही मॅपमध्ये राखीव जागा सोडलेली असते. एक मॅप मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये, लडाखच्या थंडीत आणि कुठल्याशा गावच्या सुमार पेट्रोलवरही चालला पाहिजे.

पण ही राखीव जागा दडवलेला खजिना नाही. चांगल्या स्पोर्ट इंजिनात कंपनीने लिटरमागे शंभर न्यूटन-मीटरच्या जवळ टॉर्क आधीच काढलेला असतो. आरसीचा हिशेब ९९ येतो, क्लासिकचा ७७. लिटरची सुपरबाइकसुद्धा ११५ च्या आसपास थांबते. म्हणजे जी गाडी मुळातच तेज आहे, तिच्यात शिल्लक कमी. जी सौम्य आहे तिच्यात शिल्लक जास्त, पण तिचे भाग त्या ताकदीसाठी बनवलेले नाहीत.

## आणि यामाहा आरएक्स १०० चं काय?

हा प्रश्न हटकून येतो. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, तीही ऐंशीच्या दशकात! कारण ती टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा जळतं, टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्यात. त्यात न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल सायलेन्सरमधून सरळ बाहेर जातं, आणि प्रदूषणाच्या नियमांनी तिला रस्त्यावरून हटवलं ते योग्यच झालं.

## मुंबईची हवा इंजिनाला कशी लागते?

एका बाबतीत आपण नशीबवान आहोत: आपण समुद्रसपाटीला आहोत. पुण्यात हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी, महाबळेश्वरला चौदा-पंधरा टक्क्यांनी. तेवढी हवा कमी, तेवढी ताकद कमी. दुसऱ्या बाजूला उकाडा आहे. हवा २७ अंशांवरून ३७ वर गेली की ती तीन टक्क्यांनी विरळ होते. ३५ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असेल, तर हवेतली साडेतीन टक्क्यांहून जास्त जागा पाण्याच्या वाफेने व्यापलेली असते, आणि वाफ काही जळायला मदत करत नाही. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचा फिल्टर रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढतो, तेव्हा हा तोटा आणखी वाढतो. म्हणून फिल्टरच्या तोंडाशी थंड हवा पोहोचणं महत्त्वाचं. एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरची बंद पेटी, काढून इंजिनाजवळ उघडा शंकूसारखा फिल्टर लावणारे नेमकं उलटं करतात.

समोरच्या वाऱ्याने हवा कोंबली जाते म्हणून सांगितली जाणारी 'रॅम एअर' १०० च्या वेगाला अर्धा टक्काही दाब देत नाही. ३०० ला चार टक्के देते.

## ही ताकद वापरणार कुठे?

वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू: तिन्हींवर दुचाकींना बंदी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही. उरतात पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रोड, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि गोवा हायवे. यांवर इंजिन बहुतेक वेळ ३,००० ते ६,००० आरपीएममध्ये असतं. सरळ रस्त्यावर शंभरच्या वेगाने जायला आठ-नऊ हॉर्सपॉवर पुरते. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून इंजिनाची ताकद १० टक्क्यांनी वाढवली तर कमाल वेग जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. १६० चे १६५.

ओव्हरटेकला लागतो तो मधल्या आरपीएमचा टॉर्क. आणि वरच्या टोकाची हॉर्सपॉवर वाढवणारे बहुतेक उपाय, मोठा कॅम, रुंद नळी, मोकळा सायलेन्सर, नेमका तोच खातात. आपल्या शहरात जास्त हॉर्सपॉवरच्या मागे लागून गाडी मंद करून घेतलेले पुष्कळ तरुण मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते पैसे कष्टाचे असतात.

## कायदा काय म्हणतो?

मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातली माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सीसी आरसी बुकावर लिहिलेली असते, त्यामुळे मोठा बोअर बसवला की गाडी कागदावर वेगळी झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द. अपघातानंतर न कळवलेला बदल विमा कंपनीच्या हाती लागला, तर क्लेम अडकतो. कन्व्हर्टर काढलेल्या नळीतून जो धूर निघतो, तो आपल्याच गल्लीतली मुलं श्वासात घेतात, हेही मला कायद्याइतकंच मोठं कारण वाटतं.

शर्यतीची हौस असेल, तर कोइम्बतूरचा करी ट्रॅक आणि चेन्नईजवळचा ट्रॅक आहेत. तिथे कॅम, पोर्टिंग, कॉम्प्रेशन सगळं करा, त्या कामाला तीच जागा योग्य.

## मग पैसे कुठे घालावेत?

आधी हरवलेली ताकद परत आणा. टॅपेटचं सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातलं अंतर, बिघडलं की व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत आणि कॉम्प्रेशन गळतं. मुंबईच्या धुळीत फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच तुंबतो. पावसाळ्यानंतर चेन गंजते. टायरमध्ये हवा कमी, ब्रेक चिकटलेला, प्लग घासलेला: प्रत्येकात थोडी थोडी ताकद जाते. दोन-तीन वर्षं जुन्या गाडीत हे सगळं दुरुस्त केल्यावर जो फरक जाणवतो, तो बहुतेक सायलेन्सरांना देता येत नाही.

मग स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. मागचं ४५ दातांचं असेल आणि ४८ चं लावलं, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकाला पावणेसात टक्के जास्त जोर मिळतो. हॉर्सपॉवर एक कणभर वाढत नाही, कमाल वेग आणि मायलेज थोडं घटतं, पण सायन ते ठाणे या अंतरात तेच हवं असतं. वजनाचंही तसंच. गाडी आणि चालवणारा मिळून २४० किलो असतील आणि दहा किलो उतरवले, तर पिकअप चार टक्क्यांनी सुधारतो.

एवढं करूनही मॅप करून घ्यायचाच असेल, तर डायनो असलेल्या ठिकाणीच जा. डायनो म्हणजे मागच्या चाकाची ताकद मोजणारा रोलर. चाकावरचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमीच येतो, कारण कंपनी दांड्यावर मोजते. तेव्हा कंपनीच्या आकड्याशी तुलना करू नका. त्याच दिवशी, त्याच रोलरवर, आधीचा आणि नंतरचा असे दोन आलेख मागा. टोकाचा आकडा बाजूला ठेवून ४,००० ते ७,००० आरपीएममधली रेघ वर गेली की खाली आली ते पाहा, आणि पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण किती होतं ते लिहून घ्या. जो ट्यूनर हे दोन कागद हातात द्यायला तयार नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.